किल्ला बुटका नाही, चतुर आहे

वर कुणीतरी लिहिलंय की कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा किल्ला फोटोत भव्य दिसतो आणि प्रत्यक्षात बुटका निघतो, म्हणजे शुद्ध फसवणूक. अहो, ती फसवणूक हीच तर तिथली कारागिरी! १९५५ साली उघडलेला तो स्लीपिंग ब्यूटी कॅसल जेमतेम ७७ फूट आहे. पण खालचे दगड मोठे, वर जावं तसे लहान होत गेलेले. डोळा वरचं सगळं लांबचं समजतो आणि उरलेली उंची आपणच मनात वाढवून घेतो. मेन स्ट्रीटच्या दुकानांचे वरचे मजलेही असेच आखडते घेतलेत.

आम्हा बडोदेकरांना खऱ्याखुऱ्या भव्यतेची सवय. (लक्ष्मी विलास पॅलेससमोर पंचाईत उलटी, अख्खा राजवाडा चौकटीत मावतच नाही.) म्हणून मला त्या किल्ल्याचे फोटो काढणाऱ्यांचं जास्तच कौतुक. वाइड लेन्स लावून खाली बसायचं, आणि दाराशी माणूस दिसू द्यायचा नाही. दिसला की माप उघडं पडलंच! त्यातही सूर्य बुडाल्यानंतरचे फोटो म्हणजे जीव की प्राण. आकाश अजून निळं, दिवे नुकते लागलेले, आणि सर येऊन गेली असेल तर ओल्या फरशीत दुसरा किल्ला.

माझी धाव कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीपर्यंत. कॅमेरा पार रुळांजवळ नेला, तर इंजिन थेट मेलगाडीचं वाटायला लागलं. फोटो पाहून बायको म्हणाली, "छान आहे, मागची भेळेची गाडी तेवढी काप."