मदत हवी आहे : बॅकअप चालू असताना नेटवर्क ड्राइव्ह राउटरपासून वारंवार तुटतो

नमस्कार.

घरातील संगणकांचा बॅकअप घेण्यासाठी मी एकच डिस्क असलेला नेटवर्क ड्राइव्ह वापरतो. त्याला स्वतःचे इथरनेट पोर्ट आणि 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा अडॅप्टर आहे, आणि तो केबलने थेट राउटरला जोडलेला आहे. एरवी फायली उघडणे, छायाचित्रे पाहणे सुरळीत चालते. मात्र मोठा बॅकअप सुरू झाला की मध्येच ड्राइव्ह नाहीसा होतो, तीन-चार मिनिटांनी आपोआप परत दिसू लागतो, आणि तोवर बॅकअपच्या प्रोग्रॅमने काम अर्धवट सोडून दिलेले असते.

सुरुवातीला दोन निरनिराळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या होत्या. कधी ड्राइव्ह नावाने सापडत नसे, पण आयपी पत्ता टाकला की लगेच उघडत असे. राउटरमध्ये ड्राइव्हच्या मॅक पत्त्यासाठी (म्हणजे त्याच्या नेटवर्क चिपच्या ओळख क्रमांकासाठी) कायमचा आयपी पत्ता राखून ठेवला आणि बॅकअपमध्ये नावाऐवजी तोच पत्ता दिला, तेव्हा ही तक्रार मिटली. दुसरी मात्र कायम आहे. ती उद्भवते तेव्हा पिंगलाही (उपकरण नेटवर्कवर आहे का हे विचारणाऱ्या छोट्या संदेशालाही) उत्तर येत नाही आणि राउटरच्या नोंदींत त्या पोर्टवरील जोडणी तुटल्याचे व नंतर पुन्हा जुळल्याचे दिसते. राउटर स्वतः बंद पडत नाही, कारण त्याच वेळी इतर उपकरणांचे इंटरनेट चालू असते.

जुन्या केबलवर जोडणीचा वेग 1000 ऐवजी 100 मेगाबिट दिसत होता, म्हणून ती बदलून कॅट 6 केबल लावली. वेग सुधारला, तुटणे थांबले नाही. राउटरचे पोर्ट बदलले, ड्राइव्हमधील डिस्क झोपवण्याची सोय बंद केली, फर्मवेअर अद्ययावत केले. स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत, 5 (बदली दिलेले सेक्टर) आणि 197 (संशयित सेक्टर) या दोन्ही क्रमांकांपुढे शून्य आहे, म्हणजे डिस्कचे सेक्टर खराब झाल्याचे लक्षण नाही. आता दोष राउटरमध्ये आहे की ड्राइव्हमध्ये, हे नवीन काही विकत घेण्यापूर्वी कसे ठरवावे? (“एकदा बंद करून चालू करा” हा सल्ला कृपया नको, ड्राइव्ह ते स्वतःच करत आहे.)

उत्तर :

कंसातले आपले शेवटचे वाक्य आपण गमतीने लिहिले असावे, पण माझ्या मते निदान तिथेच आहे. केवळ नेटवर्कची जोडणी तुटली असती तर ती काही सेकंदांत पुन्हा जुळली असती. तीन-चार मिनिटे लागतात, कारण ड्राइव्ह नव्याने सुरू होत असावा. त्याच्या सेटिंगच्या पानावर तो किती वेळ सलग चालू आहे, म्हणजे अपटाइम, दाखवलेला असतो. पुढच्या वेळी तुटल्यावर तो आकडा शून्यापासून मोजू लागला असेल, तर राउटर निर्दोष आहे असे समजावे.

तसे दिसले, तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्यावा. साडेतीन इंची डिस्कला सर्वांत जास्त प्रवाह फिरायला लागताना हवा असतो, त्यामुळे अडॅप्टर अशक्त असेल तर सुरू होतानाच अडखळेल, असे आपल्याला वाटेल. पण कपॅसिटर जुने झालेले अडॅप्टर कित्येकदा थंड असताना बरे चालतात आणि तासभर सलग ताण पडून तापले की व्होल्टेज सांभाळू शकत नाहीत. मल्टिमीटरवर क्षणिक घसरण दिसेलच असे नाही, म्हणून दुसरा अडॅप्टर लावून पाहणे अधिक खात्रीचे. व्होल्टेज तेच, पिनची धन-ऋण बाजू तीच आणि अँपिअर तितकेच किंवा जास्त असावेत.

दुसरा अडॅप्टर हाताशी नसेल, तर ड्राइव्हमधूनच स्मार्टची विस्तृत चाचणी लावा. त्यात डिस्क नेटवर्कविना कित्येक तास राबते. मात्र ती केवळ वाचनाची चाचणी आहे. प्रोसेसरवर आणि नेटवर्कच्या चिपवर बॅकअपइतका भार तिच्यात येत नाही. म्हणून ड्राइव्ह त्यातही बंद पडला तर राउटरचा संबंध संपला, आणि तग धरून राहिला तरी अडॅप्टर सुटला असे म्हणता येत नाही.

अपटाइम अखंड दिसला, तर राउटर वगळून ड्राइव्ह केबलने थेट संगणकाला जोडा, दोघांनाही एकाच मालिकेतील आयपी पत्ते हाताने द्या आणि तोच बॅकअप पुन्हा चालवा. तो पूर्ण झाला, तर राउटरकडे वळावे.

लिहिणे चालू असताना वीज गेल्याने फाइल सिस्टीमही (डिस्कवरील फायलींची मांडणी) बिघडू शकते. तेव्हा या चाचण्यांपूर्वी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि अडॅप्टर बदलल्यावर फाइल सिस्टीम तपासून नवा पूर्ण बॅकअप घ्या. अर्धवट राहिलेल्या बॅकअपवर पुढची भर घालू नका.