मानसशास्त्रात बीए झालं, विशेष मुलासोबत वर्गात बसायचं काम घ्यावं का?

सागरगोटा
यंदा रत्नागिरीतून मानसशास्त्रात बीए झाले. इथल्याच एका शाळेत पहिलीतल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत बसून मदत करणारी, म्हणून विचारलंय, पगार पालक देणार. घरचे म्हणतात, हे आयाचं काम, त्यापेक्षा एमए कर. मला मुलांसोबतच राहायचंय. घेऊ का?

पागोळी
घे गं! मी विशेष शाळेत शिकवते. आमच्याकडे पहिल्या पावसात एक मुलगा कान दाबून बाकाखाली शिरायचा. सगळे म्हणायचे, हट्टी आहे. वहीत रोज टिपत गेलो: आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग काय मिळालं. पत्र्यावरचा आवाज त्याला सोसत नव्हता. स्लॅबच्या खोलीत बसवल्यावर थांबला. हे ओळखणं आयाचं काम नाही, तू शिकलेलं मानसशास्त्रच आहे.

मात्र त्याला चिकटून बसू नकोस. मदत हळूहळू कमी कर: आधी हात धरून, मग बोट दाखवून, मग नुसत्या नजरेने. त्याची उत्तरं तू द्यायला लागलीस की बाई तुझ्याशीच बोलतात, तो बाजूलाच राहतो.

विशेष शिक्षिका व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्याने. त्यासाठी विशेष शिक्षणातलं बी.एड. कर. नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही होता येत नाही, तिथेही परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम हवा, हे घरी नक्की सांग. तोवर रत्नागिरीतल्या आविष्कार संस्थेची विशेष मुलांची शाळा बघून ये.

सुरंगी
माझा लेक तिसरीत आहे, स्वमग्न. मे महिन्याचा आणि गणपतीच्या सुट्टीचा पगार, तुझी रजा, शी-शू कोण बघणार, सगळं आधी लिहून घे. आम्ही लिहिलं नव्हतं, नंतर दोघांनाही जड गेलं. आणि शाळा 'मदतनीस आणा, तरच प्रवेश' म्हणत असेल तर पालकांना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखव. त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे.

आमच्या शॅडो टीचर ताई गणपतीआधी त्याला आरतीचे, झांजांचे फोटो दाखवतात. त्यामुळे यंदा तो आरतीला माजघरात थांबला. फार मोठी गोष्ट आहे ही आमच्यासाठी.

सागरगोटा
दोघींचे आभार, घरी वाचून दाखवते. हो म्हणण्याआधी कोणाला भेटू?

पागोळी
त्याच्या वर्गशिक्षिकेला. 'मी नसेन त्या दिवशी तो वर्गात बसेल ना?' एवढंच विचार. त्या 'नाही' म्हणाल्या तर पालकांना सोबत घेऊन मुख्याध्यापकांशी बोल, मगच हो म्हण.