अष्टकोनी रॉयल ओक घाटाच्या मनगटी घडीत सागवानाची डायल बसेल का?

दारव्हेकर (जि. यवतमाळ)
रॉयल ओकच्या (ओडेमार पिगे या स्विस कंपनीची प्रसिद्ध मनगटी घडी) घाटाची, पण कुणाचंही नाव नसलेली स्टीलची केस हाताशी आहे. अष्टकोनी बेझल (काचेभोवतीची कडी), आठ स्क्रू, केसलाच जोडलेला पट्टा. आत सेइकोचं एनएच 35 मशीन बसतं. मूळ घडीतल्या चौकडीच्या निळ्या डायलऐवजी आलापल्लीच्या सागवानाची डायल करायची आहे, रेषा उभ्या, तारीख नको. फर्निचरवाल्याकडचा व्हीनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) 0.5 मिमीचा आहे. तो पितळी डायलवर फेविक्विकने चिकटवला तर टिकेल का? इकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि पावसाळ्यात घराची दारं फुगतात, म्हणून लाकडाची धास्ती वाटते. शिवाय बेझलच्या आठ स्क्रूंच्या खाचा आठ दिशांना तोंड करून आहेत. त्या सरळ कशा करायच्या?

घडीसाज वणी
आधी उंचीचं बघा, बाकी सगळं नंतर. तारीख नकोच असेल तर एनएच 35 सोडा, एनएच 38 घ्या. माप तेच, 27.4 मिमी, ठोके तासाला 21,600, पण तारखेची चकती नाही आणि चावीला तारखेचा रिकामा खटकाही नाही. डायलला खिडकी कापावी लागत नाही हा मोठा फायदा, कारण लाकूड पहिल्यांदा खिडकीच्या कोपऱ्यातच चिरतं.

नेहमीची डायल 0.4 मिमी जाडीची असते. तिच्यावर 0.5 चा व्हीनियर म्हणजे 0.9. एवढ्या जाडीत तासकाट्याची नळी डायलमध्ये बुडते, तासकाटा लाकडाला घासतो आणि घडी रोज ठरावीक वेळेला थांबते. मिनिटकाटा नुसता टोकावर धरलेला असतो, तो पहिल्या धक्क्याला सुटून काचेखाली लोळतो. म्हणून पितळ 0.3 मिमीचं घ्या. व्हीनियर चिकटवून पूर्ण वाळू द्या, मग जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, आधी 400 मग 800 नंबर, कोरडाच घासत 0.2 पर्यंत आणा. मायक्रोमीटर कडेला चार ठिकाणी लावून बघा. एक बाजू जास्त घासली गेली तर काटे तिरपे दिसतात आणि दोष मात्र मशीनला लागतो.

मधलं छिद्र 2 मिमी. ड्रिल लावण्याआधी त्या जागी पातळ लॅकरचा थेंब मुरू द्या, म्हणजे काठाचे तंतू उचकटत नाहीत. काटे घेताना छिद्रांची मापं बघा: तास 1.50, मिनिट 0.90, सेकंद 0.20. तिन्ही 12 वर बसवा आणि चावीने पूर्ण 24 तास फिरवत आयग्लासमधून (डोळ्याला लावायच्या भिंगातून) बाजूने बघा. दोन काट्यांमध्ये प्रत्येक जागी फट दिसलीच पाहिजे. आणि चावी काटे लावायच्या खटक्यावर ओढलेली असताना स्टेम (चावीची आतली दांडी) कधीच काढू नका. आतला क्लच जागचा हलतो, मग डायल उतरवून सगळं पुन्हा बसवावं लागतं.

सुतारकाम अचलपूर
भाऊ, फेविक्विकले हातच लावू नका. त्याची वाफ बंद केसमंधी फिरते अन् काचीले आतून पांढरी बुरशी आल्यावानी दिसते. हळू वाळणारं अ‍ॅराल्डाइट घ्या, दोन ट्यूबवालं. सागवान तेलकट लाकूड आहे. चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोननं पुसा अन् सुकल्याबरोबर गोंद लावा. उशीर केला तं तेल पुन्हा वर येते अन् गोंद पकडत नाही. पितळाले पण 240 नंबरचा पेपर आडवा-उभा मारा. दोन काचांच्या मंधात प्लास्टिक ठेवून 24 तास दाबून ठेवा, पण शिकंजा लय आवळू नका, सगळा गोंद बाहेर निघून जाते.

फुगायचं म्हणाल तं लाकूड रेषेच्या आडव्या दिशेनं फुगते, लांबीत जवळपास नाही. 0.2 चा पापुद्रा पितळाले पक्का धरलेला असला तं तो दार फुगते तसा फुगत नाही. पण कड उघडी ठेवू नका. वरून अन् कडेनं पातळ लॅकरचे तीन हात द्या. तेल-पॉलिश नको, ते महिनोन्‌महिने वास सोडते अन् काच धुरकट करते.

केस आणि पट्टा
स्क्रूंबद्दल. 1972 च्या मूळ घडीत (गेराल्ड जेंटाचं डिझाइन, 39 मिमी) स्क्रूची डोकी षटकोनी असून बेझलच्या षटकोनी खळग्यात अडकलेली असतात, त्यामुळे ती फिरूच शकत नाहीत. आवळायचं मागून. म्हणूनच खाचा नेमक्या बसतात. तुमच्या केसमध्ये डोकी गोल असतील तर ते साधे स्क्रू आहेत, किंवा नुसते शोभेचे. खाचा जुळवायला ते ढिले ठेवू नका, खालचा गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) दाबला जात नाही आणि पाणी शिरतं.

घडी चपटी होईल ही आशाही ठेवू नका. मूळ घडीतलं मशीन 3.05 मिमीचं, एनएच 5.32 चं. माझं मत असं की हा जाडेपणा लपवू नये. 1993 मध्ये इमॅन्युएल गेई यांनी ऑफशोअर (रॉयल ओकचीच मोठी आवृत्ती) केली तेव्हा 42 मिमीची दणकट केस केली आणि बेझलखालचा रबरी गॅस्केट मुद्दाम उघडा दाखवला. जेंटांना ते रुचलं नव्हतं, पण अष्टकोन, आठ स्क्रू आणि पट्ट्याचा उतार कायम राहिल्यामुळे घडी ओळखू आली. तुम्हीही तेवढं राखा आणि डायल मोकळेपणाने बदला. डायलवर मूळ कंपनीचं नाव मात्र टाकू नका, मग ती सरळ नकली घडी होते.

दारव्हेकर
एनएच 38 आणि 0.3 चं पितळ ठरलं. उभ्या रेषा लेझरने कोरून घेतल्या तर? ट्रॉफ्या करणारे अमरावतीत करून देतात.

घडीसाज वणी
चालेल, पण पॉवर कमी ठेवायला सांगा. खोली 0.05 मिमीच्या पुढे नको, नाहीतर खालचा गोंद उघडा पडतो. आधी त्याच व्हीनियरच्या तुकड्यावर करून बघा. रेषा लाकडाच्या धाग्याच्याच दिशेने घ्या, आडव्या घेतल्या की कपच्या उडतात. कोरल्यावर खाचेत काजळी राहते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढा आणि त्यानंतरच लॅकर मारा, नाहीतर तीच काळी भुकटी पुढे मशीनमध्ये उतरते.

केस बंद करायची ती एप्रिल-मेमध्ये, हवा कोरडी असताना. त्याआधी डायल आठवडाभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा. गॅस्केटला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा. बंद केल्यावर घडी हाताला कोमट लागेल इतकी गरम करा, काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. आतून वाफ दिसली तर ओल अडकली आहे. मागचं झाकण उघडा आणि डायल पुन्हा डब्यात टाका.