पायी वाटेचं सामान: घेताना काय पाहिलं, वाटेत काय टिकलं

आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या गावातून दरवर्षी ज्येष्ठात पंढरपूरला एक लहानशी दिंडी निघते. चाळीसेक माणसं. वाशीम, हिंगोली, परभणी, परळी, अंबाजोगाई, बार्शी, कुर्डुवाडी असा आमचा रस्ता, रोज बावीस-पंचवीस किलोमीटर. अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाचं सामान टेम्पोत जातं, पण टेम्पो भेटतो थेट मुक्कामावर. दिवसभराचं ज्याचं त्याच्या पाठीवर. एका वर्षी टेम्पो हिंगोलीच्या अलीकडे बंद पडला आणि दोन रात्री आम्ही पाठीवर जे होतं तेवढ्यावरच काढल्या.

यंदा नऊ जण पहिल्यांदा येताहेत. रोज कुणीतरी विचारतं, “भाऊ, बॅग कोणती घेऊ? जोडे कोणते?” माझ्या एकट्याच्या अनुभवावर नऊ जणांचे पैसे खर्च करायला लावणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून हा धागा. पंढरीची वारी, शेगावची पायदळ वारी, नर्मदा परिक्रमा, नागद्वार, जे केलं असेल ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत. वस्तू घेताना काय तपासलं, वजन किती होतं, कितव्या दिवशी काय झालं आणि वाटेतल्या गावात ती दुरुस्त झाली का, एवढं हवं आहे.

सुरुवात मी करतो. पहिल्या वर्षी ६० लिटरची थैली घेतली आणि जागा आहे म्हणून भरत गेलो. किराणा दुकानाच्या काट्यावर १३ किलो भरली. माझं वजन ६४. तिसऱ्या दिवशी वाशीमच्या अलीकडे दोन्ही खांद्यांची कातडी सोलली. ओझं जास्त होतंच, पण खरी चूक निराळी होती. थैलीला कंबरेचा जाड पट्टा होता आणि तो लोंबतो म्हणून मी मागे बांधून टाकला होता. परभणीकडच्या एका वारकरीकाकांनी मला रस्त्याच्या कडेला उभं केलं, खांद्याचे पट्टे सैल केले, कंबरेचा पट्टा पोटावर न बांधता कमरेच्या हाडांवर आवळला आणि मग खांद्याचे पट्टे पुन्हा हळूच ओढले. तेच ओझं खांद्यावरून खाली उतरलं. त्या दिवसापासून बिनपट्ट्याची थैली मी लांबच्या वाटेला नेत नाही.

दुसरी थैली घ्यायला अकोल्याला गेलो तेव्हा पाच-पाच किलो तुरीच्या डाळीच्या दोन पिशव्या सोबत नेल्या. रिकामी थैली कुणाच्याही पाठीला छानच बसते. दुकानदार आधी नाही म्हणाला, मग त्यानेच डाळ भरून दिली. दुकानाचा जिना मी दहा वेळा चढलो-उतरलो. तीन थैल्या पाहिल्या, त्यातल्या दोन पाठीला लांब पडत होत्या, त्यांचा पट्टा कमरेच्या खाली जात होता. लिटर म्हणजे थैलीत मावतं किती, आणि पाठीची लांबी म्हणजे ती अंगाला बसते कशी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाठीचं माप कुणी आपणहून सांगत नाही. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडापर्यंत बायकोने शिवणाच्या टेपने मोजलं. आता ३५ लिटरची आहे. पाणी धरून साडेसहा किलो. त्यातले दोन किलो पाणीच.

तिवसा तालुका, शेती

दादा, तुम्ही पाठीचं सांगतलं, मी पायाचं सांगते. आमचं गाव कौंडण्यपुराजवळ, वर्धा नदीच्या काठी. रुक्मिणीच्या माहेराहून पालखी निंगते, तिच्यासंगं मी चारदा गेली.

पयल्या साली नवी कोरी चप्पल घेऊन निंगाली. अमरावतीच्या पुढं जाईपर्यंत अंगठ्यापाशी दोन फोड. नवं पायताण वारीत घालाचं नाई, हे मले कोनं सांगतलंच नवतं. आता चैतातच घेते अन् दीड-दोन महिने वावरात तेच घालते. निंदाले जा, पऱ्हाट्या वेचाले जा, तेच पायात. जिथं घासाचं थे घासून जाते.

बायांसाठी एक लिवते, बोलाले लाजतात म्हणून कोनी बोलत नाई. दिवसभर चाललं की मांड्या घासतात. फोडापेक्षा थे वाईट, कारण बसलं तरी आग अन् चाललं तरी आग. लुगड्याच्या आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला, सैल नाई, अंगाले चिपकून बसनारी. सकाळी खोबरेल लावा. शिवनाऱ्या ताईले सांगा का मांडीच्या आतल्या अंगाले शिवन नको. थे शिवनच कापते. पाळीच्या दिवसासाठी कापड नेत असान तं पावसात थे वाळत नाई हे लक्षात ठेवा, विकतचे प्याड संगं ठेवा अन् गुंडाळाले रद्दी.

आन् चुंबळ. डोक्यावर तुळस नेते तिले चुंबळ पायजेच. माह्या सासूनं जुन्या लुगड्याची करून देल्ली, चार साल झाले. बाजारात स्पंजाची भेटते. थे घामानं भिजली का दबून पापडासारखी होते अन् मंग मान धरते.

खामगाव, जोडे दुरुस्तीचं दुकान

शेगावला पायी जाणारे माझ्या दुकानावरून जातात. गुरुवारी जास्तच. तुटलेले जोडे पाहून पाहून सांगतो.

तळवा नुसता चिकटवलेला आहे की शिवलेला, हे पहिलं पाहा. मे-जूनमध्ये डांबर इतकं तापतं की चिकटवण ढिली होते आणि पंज्यापाशी तळवा उघडतो. नुसत्या चिकटवलेल्याला मी कडेनं शिवण मारून देतो. घरून निघण्याआधी मारली तर दहा मिनिटांचं काम आहे. वाटेत तळवा अर्धा फाटल्यावर ती शिवण धरत नाही.

जोडा हातात घेऊन टोक आणि टाच एकमेकांकडे वाकवा. जिथं आपली बोटं वाकतात तिथंच तो वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर तो चालायचा नाही, नुसता दिसायचा. संध्याकाळी घ्यायला या, दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. चालून चालून पाय पसरतो, आणि जागा नसली की उतारावर नख काळं पडतं.

दर्यापूर

वरच्या भाऊंचं बरोबर आहे, पण काळ्या मातीचं कुणी लिहिलं नाही. मृग लागला आणि एक सर जरी पडली तरी आमच्याकडच्या पांदण रस्त्यावर जोडा म्हणजे पायाला बांधलेली वीट. पाऊलभर चाललं की दोन्हीकडून किलो-किलो चिखल. खोल खाचांचा जाड तळवा शहरात चांगला म्हणून विकतात. आमच्या मातीत त्याच खाचा भरतात आणि निघत नाहीत. तिथं मी सपाट तळव्याची सँडल घालतो, नाहीतर सरळ हातात घेतो. खाचांचा जोडा मुरमावर आणि घाटात. एकच जोडी सगळीकडे चालेल असं मला वाटत नाही, हलकी सँडल थैलीला बाहेरून अडकवलेली असावी.

दुसरं पाणी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कुठंही हापसा दिसला म्हणून बाटली रिकामी ठेवू नका. तोंडात घेतल्यावर कळतं की खारं आहे. या भागातून जाताना मी तीन लिटर नेतो, इतर ठिकाणी दीड. नळीची पाण्याची पिशवी वापरून पाहिली. किती उरलं ते दिसत नाही, आणि उन्हात नळीतला पहिला घोट चहासारखा गरम येतो. साध्या बाटलीला ओलं कापड गुंडाळलं की पाणी निवतं.

वर्धा जिल्हा, निवृत्त शिक्षक

माझं घर पवनारपासून जवळ. विनोबा १९५१ साली इथून पायी तेलंगणकडे निघाले आणि पुढे वर्षानुवर्षे देश चालले, हे ऐकतच मोठा झालो. माझी वाट मात्र नर्मदेची. ओंकारेश्वरहून कार्तिकात उचलली. नदी उजव्या हाताला ठेवायची. साडेचार महिने लागले.

निघताना साडेअकरा किलो होतं. शूलपाणीच्या झाडीपर्यंत पोचलो तेव्हा सहा किलो उरलं होतं. बाकीचं दोन खेपांत टपालाने घरी पाठवलं. पाठवलेल्यांत काय होतं ते सांगतो, कारण नव्या माणसाला ते उपयोगाचं आहे. दुसरी पँट, तिसरा सदरा, गॅसची लहान शेगडी, दुर्बीण, जाड वही आणि घडीची खुर्ची. एकही वस्तू वाईट नव्हती. दुकानात, घरी प्रत्येकीची गरज पटत होती. चौदा-पंधरा दिवस चालल्यावर ज्या वस्तूला हात लागला नाही ती परत, एवढाच नियम ठेवला. औषधं, पाऊस आणि थंडीचं सामान त्यातून वगळलं.

शेगडी परत केली, भांडं ठेवलं. परिक्रमावासीला अनेक ठिकाणी सदाव्रत मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ. शिजवायचं आपण. काटक्या सापडतात, चूल मांडता येते, पण गंज, म्हणजे शिजवायचं भांडं, नसेल तर काय करणार? माझा लहान गंज झाकणासकट ३४० ग्रॅमचा. झाकणाचीच ताटली. कडी घट्ट बसवलेली, हलवली तरी खुळखुळ नाही, कारण खुळखुळणारी कडी शंभर किलोमीटरला तुटते.

पौषातली थंडी आपल्याकडच्या माणसाला कळत नाही. अमरकंटकच्या बाजूला पहाटे बोटं वाकत नव्हती. आश्रमात बहुतेक ठिकाणी सतरंजी मिळते, पण खालून येणारा गारठा सतरंजी अडवत नाही. मी फोमची घडीची पट्टी नेली होती, पाऊण बोट जाड. ती पूर्ण लांबीची नको म्हणून गुडघ्यापर्यंत कापली आणि पायाखाली रात्री रिकामी थैली टाकली. वरून पांघरूण कितीही घ्या, खालची बाजू उघडी असेल तर झोप लागत नाही.

पॉवर बँक १०,००० एमएएचची. त्यातून मोबाईल कागदावरच्या हिशोबाइतका चार्ज होत नाही, व्होल्टेज बदलताना बरीच वीज वाया जाते. घरी आधी मोजलं तेव्हा माझा फोन पावणेदोन वेळा भरला. तेवढंच धरून चाललो आणि कमी पडलं नाही. भरूचच्या पुढे खाडी नावेने ओलांडतात तेव्हा सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं असावं.

वरुड तालुका

गुरुजींच्या प्लास्टिकच्या पिशवीवरून आठवलं. आम्ही दरवर्षी नागपंचमीला नागद्वारला जातो, पचमढीला. सातपुड्याचा श्रावण म्हणजे पाऊस थांबतच नाही. पहिल्या वर्षी थैलीवर घालायचं रेनकव्हर होतं. पाणी पाठीच्या बाजूने आत गेलं, कारण तिकडे कव्हर नसतंच. सगळे कपडे भिजले. आता खताच्या पोत्याच्या आत जी जाड पारदर्शक पिशवी असते ती नेतो. घरी निरम्याने तीन वेळा धुवायची, दोन दिवस उन्हात टाकायची. ती थैलीच्या आत घालायची, कपडे तिच्यात, तोंड पिळून दुमडून दोरीने बांधायचं. बाहेरून थैली भिजली तर भिजू द्या. औषध फवारणीच्या सामानाचं कुठलंही प्लास्टिक मात्र घेऊ नका.

जीन्स नको. ओली जीन्स वाळत नाही, जड होते आणि जांघेत काचते. रेनकोटच्या आत घाम येऊन माणूस तितकाच भिजतो, म्हणून चढाला मी नुसताच भिजत चालतो आणि मुक्कामाचे कोरडे कपडे जिवापाड जपतो.

बुलडाणा जिल्हा, आरोग्यसेविका

आमच्या उपकेंद्रापुढून पालख्या जातात. मी पाय पाहते, म्हणून सामानात तीन गोष्टी मागते.

एक, ओआरएसची पाकिटं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घोळायचं. अर्ध्या बाटलीत घोळलेलं कडक पाणी त्रास देतं, आणि दर्यापूरच्या भाऊंनी लिहिलेल्या खाऱ्या पाण्यात तर घोळूच नका. पाकीट नसेल तर एक लिटर गोड्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. म्हणून बाटली घेताना ती नेमकी किती लिटरची आहे ते माहीत हवं.

दोन, सुती दुपट्टा. डोकं, कान, मान झाकता येते, ओला करता येतो, फाडून पट्टीही होते. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं म्हणतात. ठेवा, पण त्याच्या भरवशावर भर दुपारी चालू नका. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं की ताबडतोब सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तीन, लहान आरसा. हे ऐकून लोक थबकतात. ज्यांना साखर आहे त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, खडा टोचला तरी कळत नाही. रोज रात्री आरशात तळवा पाहायचा. अशांनी अनवाणी चालू नये. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मी हे हात जोडून सांगते. फोडाची वरची कातडी कुणीही ओढून काढू नये, तीच आतल्या जागेचं झाकण असते.

मूर्तिजापूर, पुन्हा मी

सगळ्यांचं वाचून काल संध्याकाळी नऊही जणांना थैल्या भरून ग्रामपंचायतीसमोर बोलावलं. सोयाबीन मोजायचा काटा आणला. सर्वांत जड थैली ११ किलो ८०० ग्रॅम निघाली, २२ वर्षांच्या पोराची. जागेवरच उघडली. तीन टॉवेल, दोन चार्जर, शाम्पूची मोठी बाटली, लोखंडी टॉर्च. टॉवेलांच्या जागी एक दुपट्टा आला आणि थैली साडेसातवर आली. खताच्या पिशव्या नऊ जणांसाठी नऊ धुवायला टाकल्यात. दोघांचे जोडे कडेनं शिवून आणायचे आहेत. उद्यापासून रोज पहाटे भरल्या थैलीने दहा किलोमीटर, अर्धं डांबरावर, अर्धं पांदणीने.

सर्वांत हलकी आमच्या ६३ वर्षांच्या काकूंची, ४ किलो १०० ग्रॅम. त्यात पितळेचा तांब्या ७०० ग्रॅमचा. स्टीलचा दीडशे ग्रॅमचा मिळतो, मी सुचवलं. त्या म्हणाल्या, “हा त्यांच्यासंगं तीन वेळा चंद्रभागेत बुडवला आहे.” मी तांब्या पुसून परत थैलीत ठेवला, पाठीच्या बाजूला, मधोमध, म्हणजे ओझं मागे ओढणार नाही.