मदत हवी आहे : आज्जीची फॅमिली पेन्शन, दोन नावं आणि दोन जन्मतारखा

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झाले. 1971 च्या युद्धात पहिल्या बटालियनबरोबर, म्हणजे जंगी पलटणीबरोबर, आत्ताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. या माघात वारले.

आज्जीचं लग्नात नाव बदललं. पण डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, माहेरचंच नाव आहे, आधारवर सासरचं. त्यामुळं फॅमिली पेन्शनचा अर्ज परत आला.

खरा घोळ जन्मतारखेचा. डिस्चार्ज बुकात 1944, आधारवर 1 जानेवारी 1950. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, आधारच्या वेळी कुणीतरी अंदाजानं तारीख लावली. ऐंशी पूर्ण झाली की फॅमिली पेन्शन 20 टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला 30 टक्के. 1944 धरलं तर वाढ आत्ताच लागू, 1950 धरलं तर 2030 उजाडेल. गुडघ्यांनी जागेवर बसलेल्या बाईला आणखी थांब म्हणायला जीभ रेटत नाही.

गावात लोक म्हणतात, वीरपत्नीच्या सवलती मागा. त्या आम्हाला नकोत. शेवटच्या पगाराएवढी पेन्शन लढाईत कामी आलेल्यांच्या बायकांसाठी असते. आजोबा परत आले, घरी खाटेवर गेले. आज्जीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांची साधी पेन्शन बसते, तीच वेळेत मिळावी.

आतापर्यंत एवढं कळलंय : दोन्ही नावांची बाई एकच असं नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचं, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जाणार, तिथं नोंद सुधारली की दुरुस्त पीपीओ निघणार. रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

आता विचारायचं ते असं. नाव आणि तारीख एकाच अर्जात घालावी, की आधी नाव करून पेन्शन सुरू करून घ्यावी? आज्जीचं माहेर चंदगड तालुक्यात. तिथं जुन्या जन्मनोंदीत नाव सापडलं तर आधार दुरुस्तीला चालेल का? नोंद मराठीत असणार, इकडं कन्नड भाषांतर मागतील का, आणि ते कुणाकडून करून घेतलं तर मानतात? लग्नाचा कागद नाही, रेशन कार्डावर कन्नडमध्ये आडनावाचं एक अक्षर वेगळं पडलंय, तेही आडवं येईल का?

कुणी या कामातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आज्जीला दरवेळी बेळगावला न्यायला लागू नये असा काही मार्ग असेल तर आधी तो सांगा.