मदत हवी आहे: कोल्हापूरच्या हवेत मिझुना अधिक काळ कशी टिकवावी?

नमस्कार. कोल्हापुरात परसातल्या एका वाफ्यात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत मी मिझुना ही जपानी पालेभाजी लावली आहे. क्योतो परिसरात परंपरेने पिकवली जाणारी, मोहरीच्या कुळातली, कातरलेल्या पानांची ही भाजी पेरणीनंतर साधारण 40 दिवसांत काढणीस येते आणि बुंध्यापासून दोन-तीन बोटे वर कापल्यास पुन्हा फुटते, म्हणून घरच्या बागेसाठी ती मला फार मोलाची वाटते.

दिवाळीनंतर पेरलेली रोपे थंडीत उत्तम वाढली. परंतु ऊन तापू लागताच त्यांनी फुलांचे दांडे काढले आणि पाने राठ व तिखट झाली. वाढती उष्णता आणि मोठा होत जाणारा दिवस ही त्याची कारणे आहेत. म्हणून विचारतो, की गणपतीनंतर पाऊस ओसरत असताना, शेडनेटखाली पेरणी करून आपल्याकडे हा हंगाम आधी सुरू करता येईल का, की त्या दमट हवेत रोपे कोलमडतात?

उड्या मारणारे बारीक काळे भुंगेरे कोवळ्या पानांची चाळण करतात, हा त्याहून मोठा त्रास आहे. आम्ही पाने कोशिंबिरीत कच्ची खातो, त्यामुळे रासायनिक फवारणी मला मुळीच नको. निंबोळी अर्क वापरल्यास पानांना कडवटपणा राहतो का? पेरणीपासूनच बारीक जाळी लावणाऱ्यांचा अनुभवही कळवावा.

शेजारच्या वाफ्यात मोहरी फुलली असताना मिझुनाचे बी घरी धरले, तर ते शुद्ध राहील का, हेही जाणकारांनी सांगावे.