बदलून गेलेल्या लोकांचे जुने मेल पत्ते: पुढे पाठवायचे की परत?

सर्व्हरखोली

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेचा मेल पोस्टफिक्स या मेल सर्व्हरवर चालतो, लोकांच्या मेलपेट्या डव्हकॉट या प्रोग्राममध्ये आहेत. एक विभाग नुकताच स्वतंत्र झाला, त्याचं डोमेनही वेगळं झालं. तिथली चाळीसेक माणसं नव्या डोमेनवर गेली. काही जण नोकरी सोडून गेले, त्यांनी खासगी पत्ते दिलेत. सध्या सगळ्यांना व्हर्च्युअल एलिआस (जुन्या पत्त्याच्या जागी नवा पत्ता घालणारी नोंद) लावून मेल पुढे ढकलतोय.

दोन तक्रारी सारख्या येतात. एक, काही मेल पोचतात आणि काही गायब होतात, त्यात कसलाच नियम दिसत नाही. दुसरी, पाठवणाऱ्याला मेल परत जातो तेव्हा त्यात असा पत्ता असतो जो त्याने लिहिलेलाच नव्हता. कुणीतरी पोस्टफिक्सचं रिलोकेटेड_मॅप्स (बदलून गेलेल्या पत्त्यांचं टेबल) वापरा म्हणालं. त्याने मेल पुढे जातो की परत? आणि वरून सूचना आहे की मोकळे झालेले पत्ते नव्या लोकांना देऊन टाका. ते चालेल का?

पायपुसणी

परत जातो. रिलोकेटेड टेबलात डावीकडे जुना पत्ता, मध्ये मोकळी जागा, उजवीकडे नवा पत्ता. टेबलावर पोस्टमॅप (ते पोस्टफिक्सला वाचता येईल असं करणारी आज्ञा) चालवा, मेन.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये रिलोकेटेड_मॅप्सची ओळ टाका आणि पोस्टफिक्स रीलोड करा. हे पॅरामीटर मुळात रिकामं असतं, म्हणून आतापर्यंत काही घडत नव्हतं. टेबलाचा प्रकार हॅश ठेवायचा की एलएमडीबी ते पोस्टकॉन्फ डॅश एम ही आज्ञा चालवली की कळेल.

जुनी_टपालवाली

वर सांगितलंय ते बरोबर आहे. पण तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एलिआसमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मेल सर्व्हर सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे आणि या विषयावर माझं मत ठाम आहे: मेल पोचला नाही तर ते पाठवणाऱ्याला कळलंच पाहिजे. गुपचूप हरवलेला मेल हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसतात.

आधी ‘काही पोचतात, काही नाही’ याबद्दल. एलिआस लावला की पोस्टफिक्स घेणाऱ्याचा पत्ता बदलतो, लिफाफ्यावरचा पाठवणारा (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता) मात्र तोच राहतो. पुढचा सर्व्हर एसपीएफ तपासताना बघतो की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या आयपीला आहे का. आयपी तुमचा, डोमेन तिसऱ्याच कुणाचं. तपासणी फसते. ज्या पाठवणाऱ्याची डीकेआयएम सही (त्याच्या डोमेनची डिजिटल सही) असते त्याचा मेल तरतो, कारण सही मेलसोबतच जाते आणि डीमार्क या दोन्हींच्या निकालावर चालणाऱ्या तपासणीला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी पाठवणाऱ्याच्या डोमेनशी जुळणारं एक जरी मिळालं तरी पुरतं. ज्याची फक्त एसपीएफवर भिस्त आहे तो अडकतो. तुम्हाला नियम दिसत नाही तो याच्यामुळे. आणि तुमचा सर्व्हर विषयाच्या ओळीत ‘बाहेरून आलेला’ असा शिक्का मारत असेल किंवा खाली सूचना जोडत असेल, तर विषय आणि मजकूर बदलल्यामुळे ती सहीसुद्धा मोडते. एवढं आजच तपासा.

दुसरी तक्रार. मेल तुमच्या सर्व्हरने आधी स्वीकारला, नंतर पुढच्याने नाकारला. मग परतीची चिठ्ठी लिहायची जबाबदारी तुमच्या पोस्टफिक्सवर येते आणि तो तिच्यात नवा पत्ता लिहितो. म्हणजे नोकरी सोडून गेलेल्यांचे खासगी पत्ते तुमच्याकडून आत्ताच बाहेर पडताहेत, तेही त्यांना न विचारता. मला यातली ही गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते.

रिलोकेटेडमध्ये मेल दारातच थांबतो. ‘आरसीपीटी टू’ला, म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता सांगितला की, लगेच ५५० ५.१.६ असं नकाराच्या कोडचं उत्तर जातं आणि पुढे ‘यूजर हॅज मूव्ह्ड टू’ म्हणून तुम्ही उजवीकडे लिहिलेलं येतं. तुमच्या रांगेत काही पडत नाही, खोट्या पाठवणाऱ्यांच्या नावाने परतीच्या चिठ्ठ्या सुटत नाहीत. मेलिंग लिस्टा असं ५५० पुन्हापुन्हा मिळालं की बहुधा तो पत्ता वगळतात. पुढे पाठवत राहिलात तर त्यांना कधी कळणारच नाही.

उजवीकडे पत्ताच हवा असं नाही, कोणताही मजकूर चालतो. ज्यांनी नवा पत्ता सांगायला परवानगी दिलेली नाही त्यांच्यासाठी कार्यालयाचा फोन नंबर लिहा. फक्त तो मजकूर रोमन अक्षरांतच ठेवा. तो एसएमटीपीच्या (सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या पद्धतीच्या) उत्तरात जातो, देवनागरी तिथे धड पोचेल याचा भरवसा नसतो. आणि थोडक्यात लिहा. पाठवणाऱ्याची मेलसेवा त्याला स्वतःच्या लांबलचक सूचनेत गुंडाळते, तुमची ओळ पार तळाशी जाते.

पत्ते नव्या लोकांना? देऊ नका. जुन्या माणसाने त्या पत्त्यावर कुठेकुठे खाती उघडलीत हे तुम्हाला माहीत नाही, त्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे नव्या माणसाच्या पेटीत येतील. या धोक्यासाठी २०१४ साली आरएफसी ७२९३ या इंटरनेटच्या नियमपत्रात एक हेडर (मेलच्या माथ्यावरची ओळ) ठरवलं गेलं, पण पाठवणाऱ्याने ते वापरलं तरच उपयोग. त्यावर विसंबून पत्ता फिरवू नये. वरिष्ठांना हेच कारण सांगा, पटेल.

रात्रपाळी

सेंडमेल हा दुसरा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी: तिथे फीचर रिडायरेक्ट आहे. एलिआसमध्ये नव्या पत्त्यापुढे टिंब देऊन रिडायरेक्ट लिहिलं की ५५१ जातं, ‘यूजर हॅज मूव्ह्ड, प्लीज ट्राय’ आणि नवा पत्ता. एक्झिम या आणखी एका सर्व्हरमध्ये रिडायरेक्ट राउटरच्या डेटात फेल आणि मजकूर लिहून हेच करता येतं.

एक शंका. त्यापेक्षा सीव्हच्या (पेटीत येणाऱ्या मेलवर नियम चालवणाऱ्या भाषेच्या) व्हेकेशनमधून ‘मी आता इथे नाही’ असं उत्तर पाठवणं सोपं नाही का? निदान मेल नाकारला तरी जात नाही.

जुनी_टपालवाली

५५१ हा कोड १९८२ सालच्या आरएफसी ८२१ पासून आहे. त्याच्याच जोडीला २५१ आहे, ‘माणूस इथला नाही, पण मी पुढे पाठवतो’ असं सांगणारा. म्हणजे प्रश्न नवा नाही.

व्हेकेशनला माझा विरोध आहे. तो आजारपणासाठी, सुट्टीसाठी आहे, माणूस परत येऊन पेटी उघडणार हे त्यात धरलेलं असतं. इथे मेल स्वीकारला जातो आणि कुणीही न वाचणाऱ्या पेटीत पडून राहतो. पाठवणाऱ्याने पुन्हा लिहिलं तर मधले काही दिवस त्याला उत्तरही जात नाही, कारण व्हेकेशन एकाच माणसाला सारखं उत्तर देत नाही. शिवाय स्पॅमवर खोटा पाठवणारा असला तर ते उत्तर भलत्याच्याच माथी जातं.

सर्व्हरखोली

फार उपयोग झाला, ताई. विषयाच्या ओळीतला शिक्का खरंच निघाला, काढून टाकला. पण विभागातल्या चाळीस जणांचे मेल एकदम दारातून परत लावायचे? त्यांचे नेहमीचे लोक गोंधळतील.

जुनी_टपालवाली

त्यांचे एकदम नका लावू. त्यांच्यासाठी ठरावीक मुदत ठेवा, तेवढ्यात पुढे पाठवा, पण पोस्टएसआरएसडी बसवून. तो लिफाफ्यावरचा पाठवणारा तुमच्या डोमेनचा करतो, त्यामुळे पुढे एसपीएफ जमतं आणि परत येणारे मेल तुमच्यामार्फत मूळ माणसाकडे जातात. डीमार्कचं मात्र त्याने भागत नाही, तिथे डीकेआयएमच लागते. स्पॅम गाळणी पुढे पाठवण्याच्या आधी ठेवा. गाळलं नाहीत तर दुसऱ्याचं स्पॅम तुमच्या आयपीच्या नावावर जमा होतं.

मुदत संपली की त्या ओळी एलिआसमधून काढून रिलोकेटेडमध्ये टाका. दोन्हीकडे ठेवू नका, एलिआसच जिंकतो. डोमेनचा कॅच-ऑल (कोणताही पत्ता पकडणारा) एलिआस असेल तर तोही काढा, नाहीतर रिलोकेटेडच्या ओळी कधीच बोलणार नाहीत. बदल झाल्यावर बाहेरच्या मशीनवरून स्वॅक्स या चाचणीच्या साधनाने एक मेल पाठवून ५.१.६ येतो का ते डोळ्यांनी बघा. पोस्टमॅप डॅश क्यू फक्त टेबलात ओळ आहे एवढंच सांगतो.

आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यांत लॉग काढा. जुन्या पत्त्यावर अजून कोण लिहितंय त्याची यादी सहज निघते, पोस्टफिक्स मूळ पत्ता ‘ओरिग_टू’ म्हणून लिहून ठेवतो. मोजकीच नावं उरतील. ती ज्या त्या माणसाला द्या आणि सांगा, यांना नवा पत्ता स्वतः कळवा. मेल परत जायच्या आधी ओळखीच्या माणसाकडून कळलं तर कुणी गोंधळत नाही.